जुन्या जीपची घरच्या घरी सुधारणा : आधी थांबणे, मग धावणे



आजही पुष्कळ वस्त्यांवर गोठ्याशेजारी किंवा चिंचेच्या सावलीत एखादी जुनी जीप उभी असलेली दिसते. वीस-पंचवीस वर्षे वापरलेली, पत्रा ठिकठिकाणी गंजलेला, तरीही इंजिन चालू होणारी. पावसाळ्यात जिथे टेंपो रुततो तिथून ती माल बाहेर काढते. त्यामुळे ती मोडीत घालवत नाही आणि नवी गाडी घेणे परवडत नाही. अशा वेळी बरेच शेतकरी स्वतःच हाती पाने घेतात. फावल्या वेळात, गावातल्या मिस्त्रीच्या मदतीने जीप सुधारण्याचे काम सुरू होते.

हे काम करण्यासारखे आहे. जुनी जीप रचनेने साधी असते. तिची चौकट म्हणजे चासी वेगळी आणि पत्र्याची बॉडी वेगळी असते. बहुतेक भाग उघड्यावर, हाताला येतील असे असतात. मात्र या कामाचा क्रम चुकला तर पैसा वाया जातोच, शिवाय माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून प्रस्तुत लेखात कोणती सुधारणा आधी करावी, कोणती नंतर, कोणती मिस्त्रीकडून आणि कोणती मुळीच करू नये, याची माहिती देत आहे.

आमच्या घरचा एक अनुभव

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना, २०११ सालच्या दिवाळीच्या सुटीत, मी आणि माझ्या चुलतभावाने वडिलांची जुनी जीप सुधारायला घेतली. जुन्या बाजारातून मोठे, जाड नक्षीचे टायर आणून बसवले. मागच्या पाट्यांत एकेक जादा पान घातले. रंगही दिला. जीप उंच आणि रुबाबदार दिसू लागली. ब्रेककडे आम्ही पाहिले नाही, कारण ब्रेक "लागत होते".

पंधरा दिवसांनी टोमॅटोचे ३४ क्रेट भरून जीप नारायणगावच्या बाजाराला निघाली. एका क्रेटमध्ये साधारण २० किलो माल, म्हणजे ६८० किलो झाले. गाडी वडील चालवत होते आणि आमचा गडी क्रेटवर बसला होता. मळ्यातून निघणारी वाट उताराची आहे आणि खाली जाऊन एकदम वळते. वळणावर स्टिअरिंग पूर्ण वळवले की मोठा टायर ब्रेकच्या रबरी होज पाइपाला घासत होता. पंधरा दिवसांत तो पाइप झिजला आणि त्या दिवशी फुटला. ब्रेकची लाइन एकच असल्याने चारही चाकांचा ब्रेक गेला आणि पेडल खाली टेकले. वडिलांनी जीप बांधावर घातली. उंच झालेली गाडी आडवी झाली. गड्याचा खांदा निखळला आणि हात दोन ठिकाणी मोडला. तो हात आजही पूर्ण वर जात नाही.

यात चूक गाडीची नव्हती, मिस्त्रीचीही नव्हती. आम्ही जीप धावावी कशी आणि दिसावी कशी याचा विचार केला, थांबावी कशी याचा केला नाही. पुढील सर्व सूचना याच धड्यातून आलेल्या आहेत.

जीपची रचना थोडक्यात

जीप युद्धासाठी तयार झाली, परंतु शेतात ती लगेचच आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील विलीज कंपनीने १९४५ साली नागरी वापराची जीप बाजारात आणली, तेव्हा तिची जाहिरात शेतीसाठीच केली होती. अवजारे चालविण्यासाठी पीटीओची सोयही तिला घेता येत असे. आपल्याकडे महिंद्र कंपनीने विलीजच्या जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे त्याच घडणीच्या डिझेल गाड्या खेडोपाडी पोहोचल्या. मूळ आराखडा जुना, लहान वजनाचा आणि कमी वेगाचा आहे, हे सुधारणा करताना नेहमी ध्यानात ठेवावे.

या गाड्यांना पुढे व मागे अखंड ॲक्सल, त्यांवर पट्ट्यांचे पाटे, चार चाकांना ड्रम ब्रेक आणि गिअरबॉक्सच्या मागे फोर-व्हील व लो गिअर लावणारा ट्रान्स्फर केस असतो. बहुतेक जुन्या जीपमध्ये पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये वेगळा डिफरन्शियल नसतो. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून चालवू नये. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. तो फरक जिरायला जागा न मिळाल्याने शाफ्ट, क्रॉस व गिअर यांवर ताण येतो आणि टायर झिजतात. फोर-व्हील चिखल, वाळू आणि मोकळ्या मातीसाठीच आहे.

काम सुरू करण्यापूर्वी

१) जागा सपाट व कठीण असावी. नांगरटीच्या किंवा ओल्या जमिनीवर जॅक लावू नये. पर्याय नसल्यास जॅकखाली जाड, रुंद फळी द्यावी.

२) जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. गाडी उचलल्यावर चासीखाली किंवा ॲक्सलखाली लोखंडी घोडी लावावी आणि मगच खाली जावे. विटा व सिमेंटचे ठोकळे वापरू नयेत. ते न सांगता फुटतात.

३) हँडब्रेक कोठे काम करतो ते पाहावे. अनेक जुन्या जीपमध्ये तो चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागे शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक जॅकने उचलले, की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. म्हणून जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर लावणे अत्यावश्यक आहे.

४) जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. ड्रम उघडल्यावर धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. मुलांना जवळ येऊ देऊ नये.

५) वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा व आल्टरनेटरची जोडणी सोडावी. डिझेल टाकी काढून दूर ठेवावी.

पहिली पायरी : चासी

इतर कोणताही खर्च करण्यापूर्वी चासी तपासावी. शेण, माती व जुने ग्रीस खरवडून गाडी खालून धुवावी. वाळल्यावर लहान हातोडीने चासीवर हलके ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते. गंजलेल्या ठिकाणी बद्द आवाज येतो किंवा पापुद्रे सुटतात. पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्सची बैठक, इंजिनची बैठक आणि मागचा आडवा तुळई भाग ही चार ठिकाणे बारकाईने पाहावीत. चासीत माती साचून राहते अशा कोपऱ्यांत गंज आतून लागतो.

एखादी लहान चीर जाणत्या वेल्डरकडून दुरुस्त करता येते. मात्र हँगरजवळची चासी कुजली असेल किंवा चासीच वाकली असेल, तर त्या गाडीवर खर्च करू नये. नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रात ती रीतसर जमा करून नोंदणी रद्द करून घेणे फायद्याचे ठरते.

दुसरी पायरी : ब्रेक

गाडीत फक्त एकच सुधारणा करण्याइतके पैसे असतील, तर ते ब्रेकवर खर्च करावेत. ब्रेक लावल्यावर जीप किती अंतरात थांबते याचा हिशेब सोपा आहे. चालकाला धोका दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. चांगल्या ब्रेकने वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होतो आणि कमजोर ब्रेकने त्याच्या निम्म्याने, असे मानल्यास एकूण अंतर पुढीलप्रमाणे येते.

वेग ताशी २० किमी : चांगला ब्रेक ९ मीटर, कमजोर ब्रेक १२ मीटर
वेग ताशी ४० किमी : चांगला ब्रेक २३ मीटर, कमजोर ब्रेक ३६ मीटर
वेग ताशी ६० किमी : चांगला ब्रेक ४४ मीटर, कमजोर ब्रेक ७२ मीटर

मळ्यातल्या वाटेवर ताशी २० किमी वेगाने चालवताना कमजोर ब्रेक लक्षात येत नाही, कारण फरक फक्त ३ मीटरचा असतो. तीच गाडी हमरस्त्याला ताशी ६० किमी वेगाने निघाली की फरक २८ मीटरचा होतो. "ब्रेक लागतात" या समजुतीत धोका आहे तो इथेच.

ब्रेकची दुरुस्ती पुढील क्रमाने करावी.

अ) चारही ड्रम काढून लायनर, व्हील सिलिंडर व स्प्रिंग पाहावेत. सिलिंडरचे रबर उचलल्यावर आत ओल दिसली तर ते गळते आहे. लायनरला तेल किंवा ग्रीस लागले असल्यास धुऊन भागत नाही, लायनर बदलावे. ते नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावे, अन्यथा ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते.

आ) ड्रमला खोल चर पडले असल्यास लेथवर साफ करून घ्यावा. ठरावीक मर्यादेपलीकडे कातलेला ड्रम पातळ होऊन फुटू शकतो. मर्यादा संपली असल्यास नवा घ्यावा.

इ) रबरी होज पाइप वरून चांगले दिसले तरी जुने असल्यास सर्व बदलावेत. लोखंडी नळ्या गंजलेल्या असल्यास त्याही बदलाव्यात. पाइप बसवल्यावर एका माणसाने स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवावे आणि दुसऱ्याने खालून पाहावे. टायर, पाटा किंवा ॲक्सल पाइपाला कोठेही लागता कामा नये. गाडी मालाने भरल्यावर हीच तपासणी पुन्हा करावी. ही पाच मिनिटांची तपासणी आम्ही केली असती तर त्या गड्याचा हात वाचला असता.

ई) ब्रेक ऑइल डबाबंद व योग्य दर्जाचे घ्यावे. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट-३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलचा १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. घाटात सतत ब्रेक लावल्याने असे ऑइल उकळते, नळीत वाफ होते आणि पेडल मऊ पडते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. ब्रेकमध्ये इंजिन ऑइल, डिझेल किंवा गिअर ऑइल चुकूनही घालू नये. त्याने रबर फुगते आणि संपूर्ण ब्रेक निकामी होतो.

उ) हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असलेल्या चाकापासून सुरुवात करावी. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीत हा क्रम सर्वसाधारणपणे मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा येतो. मास्टर सिलिंडरमधील ऑइल मध्येच संपू देऊ नये.

ऊ) जुन्या गाडीत एकेरी मास्टर सिलिंडर असेल, तर दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे ही सर्वांत मोलाची सुधारणा होय. त्यात पुढच्या व मागच्या चाकांच्या लाइन वेगळ्या होतात. एक फुटली तरी दुसऱ्या लाइनवर गाडी थांबवता येते. सिलिंडरचा व्यास पेडल व व्हील सिलिंडरशी जुळावा लागतो, म्हणून हे काम अनुभवी मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

ए) पेडल हलके व्हावे म्हणून काहीजण मोटारीचा व्हॅक्यूम बूस्टर बसवतात. पेट्रोल इंजिनमध्ये बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप मिळतो, डिझेल इंजिनमध्ये तो मिळत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असावा लागतो. पंपाशिवाय लावलेला बूस्टर निरुपयोगी आहे.

काम झाल्यावर मोकळ्या रानात, रिकाम्या गाडीने, ताशी २० किमीच्या आत चाचणी घ्यावी. गाडी सरळ थांबते का, पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाते का, हे पाहावे. पेडल खाली जात असेल तर गाडी रस्त्यावर काढू नये.

तिसरी पायरी : स्टिअरिंग व पाटे

इंजिन बंद ठेवून, चाके सरळ करून स्टिअरिंगवर खडूची खूण करावी. पुढचे चाक हलू लागेपर्यंत स्टिअरिंग किती फिरते ते पाहावे. खेळ जास्त असेल तर पुष्कळजण स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळतात. त्याने स्टिअरिंग जड होते, दोष मात्र राहतो. आधी टाय रॉडची टोके, किंगपिनचे बेअरिंग आणि चाकाचे बेअरिंग पाहावे. पुढचे चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. मग कोणीतरी ब्रेक दाबून धरावा आणि पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे, राहिला तर किंगपिनमध्ये आहे. एका ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात तो दोषही बहुधा याच भागांतला असतो.

पाट्याचे तुटलेले पान, झिजलेले बुश आणि ढिले यू-बोल्ट बदलणे हे घरी जमण्यासारखे काम आहे. परंतु उंची वाढवण्यासाठी जादा पाने घालणे किंवा लांब शॅकल लावणे टाळावे. त्याने चाकांचा कास्टर कोन बदलून स्टिअरिंग अस्थिर होते. शाफ्टचा कोन वाढून क्रॉस लवकर जातात. पान वाढवले म्हणजे गाडीची वजन वाहण्याची क्षमता वाढली, असा समज चुकीचा आहे. ॲक्सल, ब्रेक, टायर व चासी तीच राहते.

चौथी पायरी : टायर

मोठ्या टायरचा मोह सर्वांना होतो, म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहू. मूळ टायरचा व्यास २८ इंच असून ३१ इंचाचा टायर बसवला, असे समजा. एका फेऱ्यात गाडी सुमारे ११ टक्के जास्त पुढे जाते. मीटर ताशी ४० किमी दाखवत असताना प्रत्यक्ष वेग ४४ किमी असतो. चाकाची ओढण्याची ताकद सुमारे १० टक्के कमी होते, म्हणजे चढावर गिअर आधी उतरवावा लागतो. आणि तोच ब्रेक मोठ्या चाकावर सुमारे १० टक्के कमी जोराने लागतो. गाडी उंच होते ती वेगळीच.

यास्तव कंपनीने सांगितलेल्याच मापाचे, चिखलाला योग्य नक्षीचे चांगले टायर घ्यावेत. चारही एकाच मापाचे असावेत. मापात फरक असल्यास फोर-व्हील लावताच पुढचा व मागचा ॲक्सल एकमेकांशी झुंजतो. रेताड जागी रुतल्यास हवा थोडी कमी करून गाडी बाहेर काढता येते. रस्त्यावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरावी.

पाचवी पायरी : इंजिन, गिअर व वायरिंग

जुने इंजिन काढून जास्त ताकदीचे बसवण्याकडे कल असतो. वाढलेली ताकद जुना गिअरबॉक्स, ॲक्सल आणि ब्रेक यांना पेलत नाही. शिवाय त्यास आरटीओची पूर्वपरवानगी लागते. आहे तेच इंजिन निरोगी ठेवणे शहाणपणाचे आहे. रेडिएटर धुऊन घ्यावा, होज व पट्टा बदलावा. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नये. तापण्याचे मूळ कारण शोधावे. डिझेल फिल्टर वेळेवर बदलावा आणि पाणी साचणाऱ्या वाटीतले पाणी सोडावे. ऑइल बाथ एअर क्लीनर असल्यास मळणीच्या व धुळीच्या दिवसांत ट्रॅक्टरप्रमाणेच रोज पाहावा. इंजिन लवकर झिजण्यामागे धूळ हे मोठे कारण आहे.

ओढ्यातून गाडी गेल्यावर ॲक्सलमधील ऑइल तपासावे. गरम ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि श्वसनछिद्रातून पाणी आत ओढले जाते. ऑइल दुधाळ दिसले तर लगेच बदलावे. श्वसनछिद्राला रबरी नळी जोडून तिचे टोक इंजिनच्या उंचीपर्यंत वर नेणे ही अल्प खर्चाची, घरी करता येणारी उत्तम सुधारणा आहे.

वायरिंग जुने असल्यास सुट्टे तुकडे जोडत न बसता नवे घालावे. ६० वॅटचे दोन हेडलाइट १२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह घेतात. हा सगळा प्रवाह जुन्या स्विचमधून गेला तर स्विच तापतो आणि उजेड मंद पडतो. रिले व फ्यूज बसवल्यास दोन्ही दोष दूर होतात. मागचे दिवे, इंडिकेटर आणि लाल परावर्तक यांकडे विशेष लक्ष द्यावे. बाजाराची गाडी पहाटे अंधारात निघते.

वजन कोठे आणि किती

गाडी आडवी होणे हे चाकांमधील अंतर आणि वजनाची उंची यांवर अवलंबून असते. समजा डाव्या-उजव्या चाकांत १.२२ मीटर अंतर आहे. वजनाचा मध्यबिंदू जमिनीपासून ०.७० मीटर उंच असल्यास गाडी कागदावर ४१ अंशांच्या आडव्या उताराला कलंडते. क्रेटची थप्पी आणि मोठे टायर यांमुळे हीच उंची ०.९५ मीटर झाली तर ३३ अंश पुरतात. प्रत्यक्षात पाटे दबतात, चाक खड्ड्यात जाते, गाडी वळत असते. त्यामुळे ती याच्या कितीतरी आधी पडते. म्हणून भार आरसी पुस्तकातील मर्यादेतच ठेवावा, जड माल तळाशी व मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवावा आणि दोराने आवळावा. मालावर माणूस बसवू नये.

फवारणीसाठी पाण्याची टाकी ठेवताना ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो वजन, हे विसरू नये. अर्धी भरलेली टाकी वळणावर अधिक धोकादायक असते, कारण पाणी एका बाजूला धावते. एका मोठ्या टाकीऐवजी दोन-तीन लहान टाक्या ठेवाव्यात आणि एकेक करून रिकाम्या कराव्यात.

जीप आणि जमीन

जीप रुतत नाही म्हणून ती ओल्या रानात नेणे योग्य नव्हे. काळ्या चिकण जमिनीत वाफसा नसताना चाक फिरले की माती दाबून तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात. तेथे पाणी मुरत नाही आणि मुळे खोल जात नाहीत. वरच्या थरावरचा दाब मुख्यतः टायरमधील हवेच्या दाबावर, तर खोल थरावरचा एकूण भारावर अवलंबून असतो. सर्वांत जास्त नुकसान पहिल्याच फेरीत होते. यास्तव रानात कोठूनही न जाता बांधालगत एकच गाडीवाट ठरवावी आणि माल तिथपर्यंत डोक्यावरून आणावा.

वाफसा ओळखण्यासाठी १५ सें.मी. खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा करावा आणि कमरेच्या उंचीवरून टाकावा. गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे. तो चपटा होऊन चिकटला तर त्या दिवशी जीप बांधाबाहेरच ठेवावी.

रुतलेली गाडी ओढताना दोर चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच बांधावा. तुटलेला दोर किंवा निसटलेला हुक गोळीसारखा येतो. ओढताना सर्वांनी दोराच्या लांबीहून अधिक दूर उभे राहावे.

कायदा व कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाची मूळ नोंद बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. इंजिन बदलणे, चासी लांबवणे किंवा कापणे, बॉडीचा प्रकार बदलणे याआधी आरटीओकडे लेखी विचारणा करावी. पुढे लोखंडी बुलबार लावू नये. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७ साली त्यावर कारवाई करण्याच्या सूचना राज्यांना दिल्या आहेत. झिजलेला भाग त्याच प्रकारच्या नव्या भागाने बदलणे ही दुरुस्ती असते, त्यास अडचण नसते.

खाजगी नोंदणी १५ वर्षांनी संपते. त्यानंतर गाडी तपासून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करून घ्यावे लागते. नोंदणी, विमा व पीयूसी चालू नसलेली जीप रस्त्यावर आणू नये. खाजगी जीपने भाड्याने दुसऱ्याचा माल किंवा वडापची माणसे नेऊ नयेत. अशा वेळी अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते आणि सगळा बोजा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर येतो.

थोडक्यात महत्त्वाचे

१) क्रम असा ठेवावा : चासी, ब्रेक, स्टिअरिंग व पाटे, टायर, त्यानंतर इंजिन व वायरिंग. रंग सर्वांत शेवटी.

२) घरी करावयाची कामे : धुणे व तपासणी, ग्रीस, ऑइल व फिल्टर बदलणे, पाट्यांचे बुश, श्वसनछिद्राची नळी, दिवे.

३) मिस्त्रीकडून करावयाची कामे : मास्टर सिलिंडर, ड्रम कातणे, किंगपिन, स्टिअरिंग बॉक्स, चासीचे वेल्डिंग.

४) न करावयाची कामे : मोठे टायर, लांब शॅकल, जादा पाने, परवानगीशिवाय इंजिन किंवा चासीत बदल.

५) दर आठवड्याला ब्रेक ऑइलची पातळी, होज पाइप, चाकाचे नट व टायर पाहावेत. बाजाराला निघण्यापूर्वी मळ्यातच एकदा ब्रेक दाबून पाहावा.

आमची जीप अजून चालते. तिला आता मूळ मापाचे टायर आणि दुहेरी मास्टर सिलिंडर आहे. ती पूर्वीइतकी उंच दिसत नाही. भार कमी घेत असल्याने हंगामात बाजाराला एक खेप जास्त करावी लागते. डिझेल थोडे जास्त जाते, पण मालावर कोणी बसत नाही आणि त्या उतारावर पेडल जिथे लागायला हवे तिथेच लागते.